वहिनीचं बिल्ड, नणंदेची मुलाखत

(जेवणाच्या टेबलावर समोरासमोर दोन लॅपटॉप. एक वहिनीचा, एक नणंदेचा.)

नणंद : स्क्रीनवर पुन्हा ते गोल फिरायला लागलं. वहिनी, तू परत ते सुरू केलंस ना?

वहिनी : केलं. ग्राहकांचं पैसे भरायचं बटण चालत नाहीये, ते आजच दुरुस्त व्हायला हवं. कोड बदलला की बिल्ड करावं लागतं. म्हणजे सगळं जोडून चालणारं ॲप बनवायचं.

नणंद : बनव की. पण घरातलं सगळं नेट कशाला गिळतेस?

वहिनी : मी नाही गं. त्यात दुसऱ्यांनी लिहिलेली तयार पॅकेजेस लागतात, ती नेटवरून उतरतात.

नणंद : सकाळी उतरली होती ना?

वहिनी : हो.

नणंद : आणि आपण जेवत होतो तेव्हा?

वहिनी : तेव्हाही.

नणंद : तीच?

वहिनी : तीच. अशी बघू नकोस. तुझा भाऊ चष्मा शोधताना रोज तेच खण उपसतो, त्याला कुणी काही म्हणत नाही.

नणंद : लहानपणापासून म्हणतेय, उपयोग नाही. हे बघ, तीनला माझी ऑनलाइन मुलाखत आहे. संग्रहालयवाल्यांना माझा अर्धाच चेहरा दिसला, तर मलाही जुनी वस्तू म्हणून काचेत ठेवतील.

वहिनी : मोबाइलचं नेट घे.

नणंद : रेंज फक्त गॅलरीत येते, आणि वरच्या मजल्यावर फरशी फोडतायत. मी सांगणार, मला जुन्या कपड्यांची नाजूक कामं जमतात, आणि वरून धाडकन.

वहिनी : बरं, इकडे ये, दाखवते. या फाइलीत बिल्डच्या पायऱ्या लिहिल्यात. पायरी बदलली नसेल तर मागचं साठवलेलं वापरलं जातं. बदलली की तिथून खालचं सगळं नव्याने. तर आधी माझा कोड घ्यायचा, मग पॅकेजेस उतरवायची, मग...

नणंद : मग काय? थांबलीस का?

वहिनी : कोड वर आहे.

नणंद : असू दे की.

वहिनी : अगं, कोड तर मी दिवसभर बदलते. एक स्वल्पविराम हलला तरी खालची पॅकेजेस पुन्हा पहिल्यापासून. आणि मी इतके महिने नेटवाल्याला शिव्या घालतेय.

नणंद : बिचारा. परवा आला तेव्हा पाणीसुद्धा विचारलं नाहीस.

वहिनी : हसून घे. आता पॅकेजेसची यादी सगळ्यात वर, तिच्याखाली ती उतरवणं, आणि कोड शेवटी. यादी बदलत नाही तोवर काही उतरणार नाही. फक्त आता एकदा शेवटचं उतरू दे.

नणंद : शेवटचं. दादा पण पसारा घालताना हेच म्हणतो.

वहिनी : गप्प बस जरा. हं, उतरलं. आता मुद्दाम एक ओळ बदलते, बघ.

नणंद : कर सुरू.

वहिनी : संपलंसुद्धा.

नणंद : एवढ्यात?

वहिनी : एवढ्यात. आता सगळं नेट तुझं. तोंड का पडलं तुझं?

नणंद : कुठे काय.

वहिनी : नणंदबाई.

नणंद : नेट गेलं असतं तर बरं झालं असतं. नेटमुळे राहिलं, असं सांगता आलं असतं सगळ्यांना.

वहिनी : वाटलंच मला. सकाळपासून नेटच्या नावाने ओरडतेयस, पण काय बोलणार ते एकदाही म्हणून दाखवलं नाहीस.

नणंद : रात्रभराच्या प्रवासावर आहे गं ते संग्रहालयाचं गाव. इथे तू आहेस, दादा आहे. तिथे मी आणि कुणाच्या तरी पणजीचे विरलेले कपडे.

वहिनी : त्या चिंध्यांबद्दल तू बोलायला लागलीस की तुझा दादासुद्धा जागा राहतो. तो काहीही ऐकताना झोपतो, माहितेय ना. तुला जायचंय.

नणंद : जायचंय. भीती पण वाटते. आणि त्यांनी घेतलं तर?

वहिनी : घेतलं तर मी रडेन. ते माझं मी बघते. तू आतल्या खोलीत जा आणि दार लावून घे.