पोशा नाखव्यानं वादळ थांबवलं, ते कसं?

मंडळी, एक सांगा — वादळ येतं ते कुणाच्या पापानं? ... बघा, बघा! सगळ्यांनी शेजाऱ्याकडं पाहिलं! स्वतःकडं एकानं तरी? छे!

शिंपलेवाडीतही हेच झालं. समुद्रकाठचं गाव. तिथला पोशा नाखवा, नव्या होडीचा मालक — मिशी तर होडीपेक्षा रुंद! नारळीपौर्णिमेला दर्याला पहिला नारळ द्यायचा मान म्हाताऱ्या धर्माचा. धर्मा टोपी नीट करतोय, तेवढ्यात पोशानं आपला नारळ टाकला की हो! मान हिसकावला!

दिवाळी झाली, नि आलं चक्रीवादळ. गाव पोशाच्या दारात. "नाखवा, तुझ्यामुळं दर्या कोपला!"

कोपला? अहो, धर्मा कोण नि पोशा कोण, हे बघायला दर्याला वेळ आहे का? त्याचं दुखणं वेगळंच! आपल्या उष्ण मुलखात सूर्य डोक्यावर. पाणी तापतं — आंघोळीला काढल्यासारखं. वाफ निघते, तापलेली हवा वर जाते, खालची जागा रिकामी पडते. आणि जागा रिकामी दिसली की? — महाप्रसादाच्या पंगतीत तुम्ही करता तेच! चहूकडून वारा धावतो. पण पृथ्वी फिरतेय ना! सरळ जाता येईना, वारा वळतो — सुरू झाली फुगडी! वर वाफेचे ढग होतात, होताना ऊब सोडतात. त्या उबेनं हवा आणखी वर, खालून आणखी वारा! थंड समुद्रात हे जमत नाही. चूलच पेटली नाही, तर भात शिजणार कसा?

आणि फुगडीच्या मधोमध काय? — शांत! चिडीचूप! पण फुगडी पुढं सरकली, की पलीकडून उलटा वारा! ही जागा ध्यानात ठेवा. पोशा इथंच आपटला.

सकाळपासून वारा डोंगराकडून. कौलं उडतायत, माड वाकतायत. पोशाची बायको चांगुणा होडीला दोर बांधून बांधून थकली. आणि आमचा नाखवा? नारळ घेऊन धक्क्यावर! "दर्याराजा, चुकलो असेन तर घे!" — आणि दिला भिरकावून!

मंडळी, वारा थांबला! ऊन पडलं!

"बघा!" पोशा छाती काढून ओरडला. "एका नारळात! धर्माकाका, तुमच्या सात पिढ्यांना जमलं होतं काय?" धर्मा बिचारा खाली मान घालून उभा.

पोशा होडीचे दोर सोडायला लागला. बंदरात मिरवणार होता!

चांगुणा धावली. "अवो, सोडू नका! वारा गेला नाय. आतापर्यंत डोंगरावरनं आला, आता दर्यावरनं येईल!"

"तुला काय कळतंय गं मानाचं?"

"मानाचं नाय कळत. वाऱ्याचं कळतंय! माझा बाप अशाच उघडिपीत गेला!"

ऐकतो कुठं! चढला होडीवर, शेवटचा दोर सोडला. धक्क्यापासून वीस हात गेला असेल — आणि आला वारा! दर्यावरनं! ज्या दोरांनी होडी टिकली असती, ते धक्क्यावर वेटोळी घालून पडलेले. खडकावर आदळून होडीच्या फळ्या फळ्या! पोशा पाण्यात! चांगुणानं त्यातलाच एक दोर फेकला, दुसरं टोक धरलं कुणी? म्हाताऱ्या धर्मानं! दोघांनी ओढून काढला.

वाळूवर पडल्या पडल्या पोशा पाणी ओकला, डोळे उघडले, आणि म्हणाला काय? —

"नारळ एकच पडला गं. दोन पाहिजे होते!"

चांगुणानं ओला दोर त्याच्या मांडीवर टाकला. "आधी गाठ मारायला शिका. नारळ मी फोडीन."

हसताय? हसा! गेल्या वादळात, वारा जरा पडल्यावर, किनाऱ्यावर मोबाईल घेऊन फोटो काढायला कोण गेलं होतं? ... आता का हो माना खाली?

आणि ते सोडा. घरात चार दिवस भांडण नाही, म्हणून "मी कसं सगळं शांत केलं" सांगत फिरताय ना? भाऊ बोलत नाही, सून बोलत नाही — शांतता म्हणता तिला? वारा कुठल्या बाजूनं येणार, बघितलंय? दोर बांधलाय, की सोडून मिरवायला निघालात?

वाजवा टाळ, देवाचं नाव घ्या. आणि घरी जाताना गाठी तपासा.