विरजणाची वाटी

तुम्ही विचारता ना, ऑफिस सिविल लाइंसमधी असून मी काहून बड्या फुहाऱ्याच्या बाजारात, त्या गर्दीत राहायला गेलो? एका वाटीपायी, बाप्पा!

नागपूरहून जबलपूरला बदली झाली. घर शोधायला बायको सोबत आली. तिचं एकच म्हणणं, "घर मागून पाहू, आधी शेजार पाहू. जिथं विरजण मागितल्यावर देतील, तिथंच पोरं घेऊन येईन. नाहीतर राहा एकटे!"

सिविल लाइंसमधी तिनं एक बेल वाजवून विरजण मागितलं, तर आतूनच आवाज आला, "दही ऑनलाइन मँगवा लीजिए!" ती तशीच मागं फिरली. मी घाबरलो. मला तर साधी खिचडी जमत नाही.

शेवटी फुहाऱ्यामागच्या गल्लीत एक रिकामं घर पाहिलं अन् बायकोनं शेजारचं दार वाजवलं. "दीदी, थोड़ा जामन मिलेगा?" त्या बाईंनी स्टीलच्या वाटीत विरजण दिलं, वरून दूध कोमटच ठेवायचं बजावलं, "दूध कुनकुना रखना."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "चलो, शेजार पास. पण घर अंधारं आहे, गाडी लावायला जागा नाही. अजून पाहू. वाटी देऊन टाक परत."

"रिकामी?" ती रस्त्यातच थांबली. "लोकाची वाटी रिकामी द्यायची?"

"मग भरून दे काहीतरी."

"कुठं शिजवू? लॉजच्या खोलीत?"

त्याच संध्याकाळी घर घेतलं. गाडी अजून गल्लीच्या तोंडाशीच उभी राहते. वाटी मात्र या घरातून त्या घरात फिरून राहिली. रिकामी कोणीच देत नाही, मग घर बदलणार कधी?