नाल्याकाठचा पालक

नमुने स्वतःच्या हातानं काढावेत असं मी सगळ्यांना का बजावतो, ते सांगतो.

भाजीत शिसं, कॅडमियम किती उतरतं ते मोजायचं माझं काम. मोरिवलीत कारखान्यांच्या नाल्याकाठी एक काकू पालक लावतात. दर आठवड्याला मी त्यांच्याकडून एक जुडी आणायचो. "उन्हात कशाला वाफ्यात उतरतोस? काढून ठेवलाय," असं म्हणून काकू वर चहाही द्यायच्या.

नाल्याकाठच्या मातीत शिसं भरपूर, पालकात जवळजवळ नाहीच. मी तीनदा मशीन तपासलं. आमचे सर तर खूश झाले. म्हणाले, "ही वेगळीच जात दिसते. बियाणं विचारून ये, आपण पेपर लिहू."

मी गेलो. "काकू, नाल्याकाठच्या पालकाचं बी कुठून आणता?"

"तुला नाल्याकाठचा कधी दिला रे? तुझा मागच्या दारचा, नळाच्या पाण्यावरचा. आम्ही पण तोच खातो. घरी आलेल्या माणसाला नाल्याचा देतात का?"

"मग नाल्याकाठचा?"

"तो जातो कॅम्प तीनच्या बाजारात."

मी राहतो कॅम्प तीनला. त्या दिवशी माझ्या डब्यात पालकच होता.