दोन सरकारं आन् पेजेची वाटी

करोनात लोक म्हणायचे, घरात भांडणं नकोत. मला तर भांडणानंच हात दिला, ऐका.

मी आन् माझी मंडळी सरकारी कोविड सेंटरात शेजारच्या खाटांवर होतो. माझा ताप उतरला, पण तिनं अन्नच सोडलं. पेजेची वाटी दिसली की तोंड फिरवायची. सिस्टर म्हणाली, "आजोबा, पोटात काही गेलं नाही तर औषध काय करणार?"

म्हणून पोरांना व्हिडिओ कॉल लावला. थोरला दुबईत, धाकटा लंडनला. आईला बघायचं सोडून दोघं एकमेकांनाच भिडले.

थोरला म्हणाला, "आमच्याकडं बंदोबस्त बघ. तुमच्या सरकारनं नुसता घोळ घातलाय."

धाकटा म्हणाला, "आन् आमचे डॉक्टर? फुकट इलाज करतायत! तुमच्याकडं नोकरी गेली की माणूस हाकलतात."

तशी ही उठून बसली आन् फोन माझ्या हातातून ओढला. "मुडद्यांनो, सरकारं काय तुमच्या सासऱ्यांची हायेत व्हय? इथं बाप कसा हाये, ते इचारलं का कुणी?"

सिस्टरनं हळूच वाटी तिच्या तोंडाला लावली. दम लागला की ही एक घोट घ्यायची आन् पुन्हा सुरू. वाटी कधी रिकामी झाली, तिच्या ध्यानातबी आलं नाय.

पोरं वरमली, माफी मागून एक झाली. सिस्टर माझ्या कानाशी म्हणाली, "आजोबा, संध्याकाळच्या जेवणालाही असंच पाहिजे बरं का."

मग मी बाजूला जाऊन धाकट्याला फोन लावला. म्हटलं, "बाळा, तुझ्या डॉक्टरांबद्दल थोरला मागून काय म्हणत होता, कळलं का तुला?"