पाय दाबायचं यंत्र मागवलं कुणी?

...आणि वर घरचे मलाच विचारतात, "पण यंत्रात वाईट काय आहे ते सांग." अहो, वाईट काहीच नाही. छान आहे यंत्र, निळा दिवा लागतो, पाय आत घातले की घुर्र घुर्र करत पोटऱ्या दाबून देतं, सगळं कबूल. पण मागवलं कुणी होतं?

तुम्हाला सांगतो, आमच्या घरात साधा झारा घ्यायचा तरी तीन दुकानं फिरतात, चौथ्यात नुसता भाव विचारतात, आणि परत पहिल्यात जाऊन घासाघीस करून घेतात. अशा घरात एक दिवस भलंमोठं खोकं येतं, त्यावर बाबांचं नाव, पत्ता अगदी पिनकोडासकट बरोबर, आत पाय दाबायचं यंत्र आणि यंत्राच्या अंगावर चिकटवलेलं बिल... "आपल्या पसंतीबद्दल आभार. रक्कम महिनाअखेरीस भरावी." पसंती? बाबांनी आयुष्यात पसंत अशी एकच गोष्ट केली, ती म्हणजे आई, आणि तीसुद्धा आजीने आधी करून ठेवलेली.

आता दुसरा कुणी असता तर त्याने खोकं दारातूनच परत पाठवलं असतं. पण आमचे बाबा म्हणजे उभा जन्म कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढलेला माणूस. आलं ते लिहायचं, गेलं ते लिहायचं, आणि आलेल्या प्रत्येक गोष्टीची पोच द्यायची. पोच दिल्याशिवाय यांना अन्न गोड लागत नाही. लग्नपत्रिका आली की हे उलट टपाली कळवतात, पत्रिका मिळाली. लोक बिचारे लग्नाला बोलावतात, हे पत्रिकेची पोच देतात आणि घरी बसतात. बाबा निवृत्त झाले, त्यांची पोच काही निवृत्त झाली नाही.

तर यांनी खोकं उघडलं, यादीवर खुणा करत एकेक भाग मोजला, स्क्रूसुद्धा मोजले, आणि कंपनीला पत्र लिहिलं, "आपला माल सुस्थितीत मिळाला. यादीप्रमाणे सर्व नग बरोबर आहेत. आभारी आहे." आभारी आहे म्हणे. चोराने घरात येऊन बसायचं आणि आपण विचारायचं, पंखा लावू का?

मी म्हटलं, "बाबा, माल मिळाला म्हणून लिहिलंत, पण आम्ही तो मागवलाच नव्हता, हे कुठे लिहिलंत?"

"पोचपत्रात तसं लिहायची पद्धत नसते."

झालं. कंपनीला असा माणूस कुठे मिळणार? पुढच्या आठवड्यात यंत्राला घालायचं तेल आलं, मग यंत्रावर घालायचं झाकण आलं, मग पत्र आलं की आमच्या कायम ग्राहक परिवारात आपलं स्वागत. बाबांनी तिन्हींची पोच दिली. मी घरभर विचारत फिरतोय, मागवलं कुणी होतं, मागवलं कुणी होतं... आणि बाबा गोंद शोधतायत, पाकीट चिकटवायला.

इथवर गंमत होती. पण मग लाल अक्षरांतलं पत्र आलं, कायदेशीर कारवाई वगैरे, आणि बाबा एकदम बारीक झाले. म्हणाले, "भरून टाकू. मशीनचं बघू पुढच्या वर्षी."

हे मशीन वेगळं बरं का. हे कपडे धुवायचं. आईचं मनगट वर्षभर ठणकतंय, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, पिळणं बंद करा, नाहीतर उद्या चमचासुद्धा धरता येणार नाही. म्हणून कपाटात पैसे बाजूला टाकत आलो आम्ही. मी कॉलेज सोडून टायरच्या दुकानात लागलो, तर माझ्या पगारातलेही त्यात होते. आणि ते पैसे कशाला जाणार? तर काकांच्या पोटऱ्यांना.

हो, काका. बाबांचे थोरले भाऊ, निवृत्त हेडमास्तर, रोज संध्याकाळी आमच्याकडे येणार, चप्पल काढणार आणि थेट यंत्रात पाय. आणि पाय यंत्रात ठेवून आम्हाला नीतिमत्ता सांगणार. "आपल्या घराण्याने कधी कुणाचं देणं बुडवलेलं नाही... जरा वेग वाढव रे... ज्याला साधी पदवी घेता आली नाही त्याने कायदा शिकवू नये."

मी म्हटलं, "काका, आधी पाय बाहेर काढा, मग घराण्याचं बघू."

आणि आई? आई मोरीतून म्हणते, "भरून टाका एकदाचे. मला काय, सवय आहे." हे जास्त लागतं हो. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं.

मग मी गेलो ग्राहक मार्गदर्शन केंद्रात. नाव मोठं, आत एक टेबल, एक बाई आणि कागद उडू नयेत म्हणून बंद ठेवलेला पंखा. बाईंनी सगळे कागद शांतपणे वाचले. बाबांनी ठेवलेली पोचपत्राची नक्कल आली तेव्हा चष्मा काढला.

"हे कुणी लिहिलं?"

"वडिलांनी."

"ते कंपनीत कामाला आहेत का?"

पण बाई भली. म्हणाली, मागवलं नाही त्याचं बिल तुम्ही देणं लागत नाही. गप्प बसलात म्हणजे होकार दिला असं होत नाही, आणि मिळालं लिहिलं म्हणजे मागवलं असंही होत नाही. सरळ लिहा, आम्ही ऑर्डर दिलेली नाही, वस्तू बांधून ठेवल्या आहेत, तुमच्या खर्चाने घेऊन जा, यापुढे काही पाठवलंत तर दारातून परत जाईल. "आणि यंत्र वापरू नका."

"आम्ही नाही वापरत. काका वापरतात."

"मग त्यांना सांगा."

"तुम्ही सांगता का?"

घरी येऊन मी आधी यंत्राची वायर काढली. काकांचे पाय आतच होते. ते उठले, म्हणाले, "या घरात मोठ्यांना किंमत राहिलेली नाही," आणि लंगडत गेले. लंगडायचं काही कारण नव्हतं.

पत्र मी लिहिलं, पण सही बाबांची हवी, खोकं त्यांच्या नावावर. बाबांनी पत्र दोनदा वाचलं आणि पेन खाली ठेवलं. "फार तुटक आहे. असं लिहून उद्या त्यांनी खरंच कोर्टात खेचलं तर? या वयात मी पायऱ्या चढू?"

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला कळलं, हा माणूस सभ्य-बिभ्य काही नाही, हा घाबरलाय. जन्मभर घाबरलाय आणि त्यालाच रीतभात म्हणत आलाय. मी हे तोंडावर बोलणार होतो. तेवढ्यात आई मोरीतून आली, हातात ओली चादर, खाली पाणी टपटपतंय. चादर बाबांच्या मांडीवर ठेवली.

"पिळा."

बाबांनी पिळली, पिळतात तशी... म्हणजे चादरीला दुखू नये अशा बेताने.

"अजून निघेल पाणी."

परत पिळली. दात-ओठ खाल्ले. आईने चादर हातात घेऊन बघितली, परत त्यांच्यापुढे धरली आणि म्हणाली, "रोजच्या तीन असतात."

बाबांनी हात धोतराला... म्हणजे पायजम्याला पुसले, चिडलो की मी माणसाला म्हातारा करून टाकतो, आणि सही केली. 'आभारी आहे' लिहायला पेन वळलं होतं, मी कागद ओढून घेतला.

कंपनीचं काय? मुकाट्याने वठणीवर आली. संगणकाच्या चुकीमुळे वगैरे, बिल रद्द समजावे, आमचा माणूस येऊन वस्तू नेईल. माणूस आला, घेऊन गेला. त्यालाही मी विचारलं, मागवलं कुणी होतं? तो म्हणाला, "साहेब, या गल्लीतून चार उचलायचीत. मागवलं कुणीच नव्हतं. आणखी दोघांनी तर पैसेही भरून टाकलेत." काका आता सगळ्यांना सांगतात, कंपनीला त्यांनी झुकवलं.

आणि कपडे धुवायचं मशीन आलं. दुकानात जाऊन, बघून, भाव करून आणलं. आई रोज सगळे कपडे आधी मोरीत बसून हाताने घासते, खळबळून काढते, पिळते, आणि मग मशीनमध्ये घालते. मी विचारलं, का? म्हणाली, "अरे, इतके मळके कपडे त्या नव्या मशीनला कसे द्यायचे?"

हे मात्र आम्हीच मागवलंय.