गोठ्यातलं फील्डवर्क

शुक्रवारी अंबाबाईचं दर्शन घेऊन गडमुडशिंगीच्या बसमध्ये बसले. मागच्या सीटवर एक कॉलेजातली मुलगी आणि तिची आत्या बोलत होत्या.

"राजनंदिनी, आश्रमात म्हातारीजवळ नुस्तं बसायचं, आनि कॉलेज त्याचं मार्क देतंय व्हय?"

"आत्ती, फील्डवर्क आहे ते. समाजकार्याच्या डिग्रीला लागतंच. ती आजी रस्त्यावर सापडल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. नाव-गाव कळलं नसतं, तर सोमवारी तिला लांबच्या संस्थेत पाठवणार होते."

"मग? बोलली?"

"माझ्याशी नाही. आश्रमाच्या गोठ्यात म्हैस व्यायला अडली. डॉक्टर काही पोचेनात. आजी आपणहून उठली, हाताला तेल लावलं, कोपरापर्यंत हात आत घातला आणि पारडीचा दुमडलेला पाय सरळ केला."

"आगं बया!"

"पारडी बाहेर आली, पण श्वासच नव्हता. आजीनं तिच्या नाकात फुंकर घातली, तशी ती शिंकली बघ."

प्रसादाचा द्रोण हातात धरून मी तशीच बसले होते.

"आणि मग आजी ओरडली, 'ज्ञानूला हाळी मारा! पारडी झाली म्हणावं!'"

"ज्ञानू कोन?"

"तिचा मुलगा. मी विचारत गेले, ती सांगत गेली. नाव तानाबाई, गाव गगनबावड्याकडचं. निरोप गेला, तसा काल तो रडतच आला न्यायला."

"म्हंजे गेली की घरला."

"कुठली! 'पारडी हुंदडाय लागू दे, मग जाऊया,' म्हणाली त्याला."

"व्हय की! व्यालेली म्हस टाकून कुनी जातंय व्हय?"