वजनकाट्याचं खोकं

बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक नवरा-बायको बसले होते. त्याच्या मांडीवर वजनकाट्याचं खोकं होतं.

"प्रयोगशाळेचा काटा तुम्ही कशाला मिरवताय?"

"दुरुस्तीला मीच दिला होता ना! अकरा वर्षं उंदरांची वजनं करतोय. बुरशी टोचली की चौथ्या दिवसापासून उंदीर वाळायला लागतो, हे मला तोंडपाठ आहे."

"शी! मग?"

"या खेपेला त्यांना आधी लस दिली होती. सहाव्या दिवशी बघतो तर वजन वाढलेलं! म्हटलं, काटा बिघडला."

"अहो, उंदरांकडे बघायचं की!"

"आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमही तेच म्हणाल्या. हसून हसून पुरेवाट झाली त्यांची."

"बुरशी तीच का, आमच्या दादाला झालेली?"

"तीच. औषधांना दाद न देणारी."

"तीन औषधं बदलली, तरी गेला."

"हो गं."

"माणसांना कधी मिळेल ही लस?"

"अजून पुष्कळ वर्षं आहेत. सध्या नुसते उंदीर."

"असू देत. काटेवाला काय म्हणाला?"

"काट्यात काही बिघाड नाही म्हणाला."

"पुन्हा सांगा."

"काटा अगदी बरोबर दाखवतोय म्हणाला."

"आणा ते खोकं इकडे. मी धरते."